गावानं बोलावलं, मग आम्ही मालकाच्या हातात का? कॅनडाच्या इमिग्रेशन मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय इमिग्रेशन मंत्री, कॅनडा सरकार, ओटावा
आणि ग्रामीण समुदाय इमिग्रेशन पायलट (आरसीआयपी) ही प्रायोगिक योजना राबवणाऱ्या आर्थिक विकास संस्थांचे पदाधिकारी

सादर नमस्कार.

‘स्थायी निवासासाठी समुदायानं द्यायच्या या वर्षाच्या शिफारशी संपल्या आहेत, नवीन अर्ज घेतले जाणार नाहीत, पुढचं वेळापत्रक यथावकाश जाहीर होईल.’ आमच्या शहरात ही सूचना लागली तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या माझ्यासारख्या प्रत्येकाकडे नोकरी होती. पूर्णवेळ, कायमस्वरूपी आणि मान्यताप्राप्त मालकाकडची. भाषेची परीक्षा झालेली होती, शिक्षणाची कागदपत्रं तयार होती. आमच्या बाजूनं काही राहिलं नव्हतं. आकडा संपला, एवढंच कारण. आणि आता जे रांगेत आहेत, ज्यांचं वर्क परमिट त्या ‘यथावकाश’च्या आधी संपणार आहे, त्यांनी काय करायचं, याबद्दल त्या सूचनेत एक शब्द नाही.

हे पत्र दोघांना मिळून लिहिते आहे, कारण या योजनेची रचनाच अशी आहे की जाब विचारायला एक दार नाही. कोटा ओटावा ठरवतं, शिफारस समुदाय करतो. एकाकडे जावं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार, आणि नियमाप्रमाणे दोघंही बरोबर असणार.

इंग्रजीतून मी हे सगळं खात्याला रीतसर कळवलं आहे. मराठीत जाहीरपणे लिहिते आहे, कारण या योजनेची किंमत फक्त उत्तर ऑन्टारियोत मोजली जात नाही. ती मिरजेत, धुळ्यात, नांदेडात कर्जाच्या हप्त्यांमधून मोजली जाते. तिथल्या आईवडिलांना एवढंच माहीत असतं की ‘पोरीचं पीआरचं’, म्हणजे स्थायी निवासाचं, ‘चाललंय’. ते नेमकं कसं चाललंय, हे त्यांनाही कळायला हवं.

मी मूळची मिरजेची. मिरज हे दवाखान्यांचं गाव. आमच्या गल्लीत घरटी एक माणूस तरी रुग्णालयात कामाला, त्यामुळे आजारी माणसाची सेवा करायला मला कोणी वेगळं शिकवलं नाही. 2021 मध्ये इथल्या एका कॉलेजात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आले. वडिलांनी कर्ज काढलं, नियमाप्रमाणे दहा हजार डॉलर जीआयसीत, म्हणजे तिथल्या बँकेतल्या मुदत ठेवीत, भरले. शिक्षण झाल्यावर पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट मिळालं आणि तेव्हापासून मी वृद्धांच्या दीर्घकालीन सेवाकेंद्रात पीएसडब्ल्यू, म्हणजे पर्सनल सपोर्ट वर्कर, म्हणून काम करते आहे.

हे काम काय असतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या मजल्यावर एक आजी आहेत, नव्वदी ओलांडलेल्या. त्यांचे आईवडील फिनलंडहून खाणीत कामाला आले होते. आजींना स्मृतिभ्रंश आहे. इंग्रजी आता जवळपास गेलं, लहानपणची फिनिश तेवढी उरली आहे. त्यांना पलंगावरून खुर्चीत घ्यायचं तर लिफ्टचं यंत्र लागतं आणि ते चालवायला दोन माणसं लागतात. झोळीचे चार पट्टे चार आकड्यांत अडकवायचे, एकीनं यंत्र धरायचं, दुसरीनं आजींचं डोकं आणि पाय सांभाळायचे. पट्टा एक बोट जरी इकडेतिकडे झाला तरी त्यांच्या पातळ कातडीवर जखम होते. रात्रपाळीला माणूस कमी असला की दुसऱ्या मजल्यावरची कोणीतरी येईपर्यंत आजी ओल्या कपड्यात पडून राहतात आणि माझा हात धरून त्यांच्या भाषेत काहीतरी विचारत राहतात. ऑन्टारियोच्या कायद्यानं 31 मार्च 2025 पर्यंत प्रत्येक रहिवाशाला दिवसाला सरासरी चार तास प्रत्यक्ष सेवा मिळावी, असं उद्दिष्ट ठेवलं होतं. ती सेवा द्यायला माणसं लागतात. आम्ही ती माणसं आहोत, आणि आम्हाला राहायचं आहे.

मराठी वाचकांसाठी योजनेची थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. 2019 मध्ये कॅनडानं ‘ग्रामीण आणि उत्तर इमिग्रेशन पायलट’ सुरू केला, अकरा समुदायांसाठी. मोठ्या शहरांबाहेर माणसं टिकत नाहीत, तरुण टोरांटोकडे जातात, मागे म्हातारी माणसं आणि रिकाम्या जागा राहतात. अशा समुदायांनी स्वतः माणसं निवडावीत, केंद्र सरकारनं त्यांना स्थायी निवास द्यावा, ही कल्पना. ती मला तेव्हाही पटली होती, आजही पटते. तो पायलट ऑगस्ट 2024 मध्ये बंद झाला. 30 जानेवारी 2025 ला त्याच्या जागी आरसीआयपी जाहीर झाला. त्यात चौदा समुदाय आहेत: ऑन्टारियोतली सडबरी, टिमिन्स, नॉर्थ बे, सू सेंट मरी आणि थंडर बे ही पाच शहरं, शिवाय मॅनिटोबा, सस्कॅचवन, आल्बर्टा, ब्रिटिश कोलंबिया आणि नोव्हा स्कोशियातले समुदाय. ‘ग्रामीण’ या एका नावाखाली दीड लाखाहून अधिक वस्तीचं सडबरीही येतं आणि चार हजारांच्या आतलं क्लेअर्सहोमही. अर्जदाराला साधारणपणे गेल्या तीन वर्षांत एक वर्षाचा, म्हणजे 1,560 तासांचा, कामाचा अनुभव लागतो. त्याच समुदायात शिकलेल्यांना यातून सूट आहे. शिवाय भाषेची पातळी लागते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मान्यताप्राप्त मालकाची नोकरी आणि समुदायाची शिफारस लागते.

आता तक्रारी. पहिली तक्रार मधल्या खड्ड्याची. मार्च 2024 मध्ये तुमच्याच खात्यानं जाहीर केलं होतं की नवा पायलट त्याच वर्षी शरद ऋतूत सुरू होईल आणि ग्रामीण भागासाठी कायमस्वरूपी योजनाही आखली जाईल. जुना पायलट ऑगस्टमध्ये संपला. नवा जानेवारीअखेर जाहीर झाला, आणि जाहीर झाला म्हणजे लगेच अर्ज घेतले गेले असं नाही. संस्थांनी क्षेत्रं ठरवायची, मालकांनी प्रशिक्षण घेऊन मान्यता मिळवायची, मग कुठे दार उघडायचं. या काळात आमच्या परमिटांचे महिने थांबले नाहीत. पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट आयुष्यात एकदाच मिळतं, वाढवून मिळत नाही. सरकारी उशिराची भरपाई विद्यार्थ्याच्या परमिटातून वसूल झाली. माझ्यासोबत शिकलेले कित्येक जण या काळात परत गेले. ते नालायक ठरून गेले नाहीत. ज्या महिन्यात त्यांचे कागद तयार झाले त्या महिन्यात योजनाच अस्तित्वात नव्हती.

दुसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे, आणि खरं तर तिच्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. गावानं बोलावलं, शिफारस गावाची, राहायचं गावात. पण आमचं सगळं भवितव्य एका मालकाच्या हातात. शिफारस मिळून पीआरचा अर्ज दाखल झाला की दोन वर्षांचं वर्क परमिट मागता येतं, आणि त्या परमिटावर मालकाचं नाव छापलेलं असतं. नोकरी गेली की शिफारशीचा पायाच गेला. मग दुसरा मान्यताप्राप्त मालक शोधा आणि पुन्हा रांगेत उभे राहा. एक्सप्रेस एन्ट्रीतून, म्हणजे गुणांवर निवड करणाऱ्या केंद्राच्या योजनेतून, अर्ज केलेल्या माणसाला ब्रिजिंग ओपन वर्क परमिट मिळतं, ज्यावर कुठल्याही एका मालकाचं बंधन नसतं. त्याला अर्ज प्रलंबित असताना नोकरी बदलता येते. आम्हाला ते नाही. ज्यांना तुम्ही गावाचे कायमचे रहिवासी म्हणून निवडता, त्यांनाच सगळ्यात घट्ट दोरीनं बांधता.

यातून काय घडतं ते सांगते. सलग दुसरी पाळी कर, असं मला एकदा सांगण्यात आलं. आदल्या रात्रीपासून मी उभी होते, पाठ वाकत नव्हती. मी नाही म्हटलं. समोरून आवाज चढला नाही, कोणी अपमान केला नाही. फक्त हसून विचारलं गेलं, “तुझं पीआरचं पत्र अजून आमच्याकडेच आहे ना?” मी दुसरी पाळी केली. त्या पाळीत मी एका आजोबांना अंघोळ घातली आणि माझे हात थरथरत होते, हे त्यांच्याही लक्षात आलं. थकलेल्या माणसाच्या हातात म्हातारं माणूस देणं दोघांसाठी धोक्याचं आहे. मी त्या वरिष्ठांना दुष्ट म्हणत नाही. रिकामी पाळी भरायची त्यांच्यावरही सक्ती असते. पण ज्या नियमामुळे तो प्रश्न विचारता येतो, तो नियम तुमचा आहे.

माझं निदान एवढ्यावर निभावलं. धुळ्याकडचा एक मुलगा इथे स्वयंपाकी आहे. त्याचा पगार खात्यात पूर्ण जमा होतो, पगारपत्रक तुमच्या तपासणीत निर्दोष ठरेल असं असतं. मग तो बँकेच्या मशीनमधून काही नोटा काढतो आणि पाकिटात घालून मालकाच्या भावाला नेऊन देतो. पाकिटावर काही लिहायचं नाही, एवढी सूचना आहे. घरी तो आईला सांगतो, इथे महागाई फार आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. अशा पिळवणुकीसाठी तुमच्याकडे उपाय आहे हे मला ठाऊक आहे. 2019 पासून शोषित कामगारांना ओपन वर्क परमिट मागता येतं. मी त्याला ते सांगितलंही. तो म्हणाला, “ताई, परमिट मिळेल, पण फाइलचं काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. परमिट सुटं मिळालं तरी पीआरचा अर्ज त्याच मालकाच्या ऑफरवर उभा. तक्रार करणं म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःची फाइल बंद करणं.

आणि नोकरीची ऑफर विकली जाते, हे खात्याला नव्यानं सांगायला नको. याच कारणासाठी 25 मार्च 2025 पासून एक्सप्रेस एन्ट्रीतले नोकरीच्या ऑफरचे जादा गुण तुम्ही काढून टाकलेत. तिथे ऑफर म्हणजे वरचे काही गुण होते. आमच्या योजनेत ऑफर म्हणजे सर्वस्व आहे. जिथे काही गुणांसाठी बाजार भरत होता, तिथे सगळं पीआरच ऑफरवर टांगल्यावर बाजार भरणार नाही, असं कसं मानलंत? मालकाला मान्यता देताना प्रशिक्षण दिलं जातं, चांगलं आहे. पण मान्यता दिल्यानंतर त्याच्याकडे काम करणाऱ्या माणसाला एकांतात, विश्वासात घेऊन, ‘तुझं कसं चाललंय’ असं विचारायला कोणी येतं का? आमच्या ओळखीत तरी कोणाकडे आलेलं नाही.

तिसरी तक्रार आकड्यांची. पायलट वर्गातून वर्षाला 2,750 पेक्षा जास्त अर्ज निकाली काढता येत नाहीत आणि असा पायलट पाच वर्षांपलीकडे चालत नाही, ही मर्यादा इमिग्रेशनच्या कायद्यातच आहे. ती चौदा समुदायांत वाटली जाते. देशाचं एकूण स्थायी निवासाचं लक्ष्यही 2025 साठी 3,95,000 वर आणलं गेलं, जे आधीच्या आराखड्यात 5,00,000 होतं. घरांची टंचाई आम्हीही भोगतो, त्यामुळे लक्ष्य का कमी केलं हे मला समजतं. किती माणसं घ्यायची हा कॅनडाच्या जनतेचा अधिकार आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच आहे की आकडा मर्यादित असेल तर तो उघड्यावर ठेवा. आमच्या समुदायाच्या वाट्याला किती, त्यातल्या किती दिल्या, किती उरल्या, हे महिन्याच्या महिन्याला कळलं असतं तर कित्येकांनी वेळेत दुसरा मार्ग शोधला असता. आज अवस्था अशी की कोणाची तरी मैत्रीण कुठल्या तरी कार्यालयात ऐकून येते आणि त्यावर लोक घर सोडायचं की ठेवायचं हे ठरवतात. अशा अंधारातच भारतातल्या एजंटांचं फावतं. ‘आतली ओळख आहे, जागा राखून ठेवली आहे’ असं सांगून तो सांगलीत बसून पैसे घेतो. तो खोटं बोलतो आहे हे दाखवून द्यायला आमच्याकडे अधिकृत आकडाच नसतो.

वाट पाहण्यात कागदही शिळे होतात. भाषेच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, वैद्यकीय तपासणी बारा महिने. पुन्हा फी, पुन्हा सुट्टी. जिचं परमिट संपून नव्याचा निकाल यायचा आहे, तिला काम चालू ठेवता येतं, पण देशाबाहेर पाय ठेवला की तो हक्क जातो. माझी केरळची एक सहकारी अशाच अवस्थेत होती तेव्हा तिचे वडील गेले. तिनं अंत्यविधी फोनवर पाहिला आणि संध्याकाळी पाळीवर आली. त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.

मला माहीत आहे की तुमच्याकडे एक उत्तर तयार असतं. मालकाशी बांधलं नाही तर हे लोक पीआर मिळताच टोरांटोला पळतील, मग ग्रामीण योजनेचा उपयोग काय? शंका रास्त आहे, काही जण गेलेही आहेत. पण स्थायी निवासी झाल्यावर कॅनडात कुठेही राहण्याचा हक्क संविधानातल्या हक्कांच्या सनदेनंच दिला आहे, तेव्हा दोरीचा उपयोग फार तर पीआर हाती येईपर्यंत. त्यानंतर माणूस राहतो ते कशावर? मला विचाराल तर मुलांची शाळा, डॉक्टर, परवडणारं घर आणि या गावानं आपल्याला कसं वागवलं याची आठवण, यांवर. 2024 मध्ये सू सेंट मरीत एका आरोग्यकेंद्रातल्या सुमारे दहा हजार रुग्णांना फॅमिली डॉक्टर उरला नाही. तिथली माणसं कशामुळे गाव सोडतील, हे शोधायला वर्क परमिट तपासायची गरज नाही. उलट ज्या माणसानं पहिली वर्षं भीतीत काढली, तो सुटका होताच पहिली बस पकडेल. मी उणे तीस अंशात गाडीचा हीटर प्लगला लावायला शिकले, गुरुद्वारातल्या लंगरात वाढायला जाते, शेजारच्या इटालियन काकूंना बर्फ काढून देते आणि त्या मला टोमॅटोची रोपं देतात. मला या गावात राहायचं आहे. त्यासाठी मला बांधून ठेवायची गरज नाही.

म्हणून माझ्या, आणि माझ्यासोबत कामावर असलेल्या अनेकांच्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडते.

समुदायाची शिफारस मिळालेल्या अर्जदाराचं वर्क परमिट मालकाशी न बांधता समुदायाशी आणि व्यवसायाच्या क्षेत्राशी बांधा. पीएसडब्ल्यूला याच शहरातल्या दुसऱ्या सेवाकेंद्रात जाता यावं, स्वयंपाक्याला दुसऱ्या उपाहारगृहात. गावाची गरज तेवढीच भागेल, आणि मालकांनाही माणसं टिकवण्यासाठी नीट वागावं लागेल.

नोकरी गेली किंवा पिळवणुकीमुळे सोडावी लागली, तर त्याच समुदायात दुसरी मान्यताप्राप्त नोकरी शोधायला किमान सहा महिने द्या, आणि तोवर शिफारस व पीआरचा अर्ज जिवंत ठेवा. तक्रार केल्यामुळे फाइल बंद होणार नाही, हे नियमात लिहून द्या. मान्यताप्राप्त मालकांची तपासणी पूर्वसूचनेशिवाय करा आणि कामगारांशी मालकाच्या अनुपस्थितीत, लागल्यास दुभाष्यासह, बोला. पैसे परत घेणाऱ्याची मान्यता रद्द करा, पण त्याच्याकडच्या कामगारांना त्याची शिक्षा देऊ नका.

मान्यताप्राप्त मालकाची ऑफर हातात असताना, केवळ कोटा संपल्यामुळे ज्यांचं परमिट संपणार आहे, त्यांना पुढचा कोटा खुला होईपर्यंत तात्पुरतं परमिट द्या. हे सर्वांत तातडीचं आहे. बाकी मागण्यांवर चर्चा होऊ शकते, ही पुढे ढकलली तर ज्यांच्यासाठी ती आहे ते इथे उरणारच नाहीत.

संस्थांना विनंती की दिलेल्या आणि उरलेल्या शिफारशींचा आकडा दरमहा प्रसिद्ध करा, अर्ज बंद करण्याआधी तीन महिने सांगा, आणि निवडीचे निकष वर्षाच्या मध्यात बदलले तर आधी अर्ज केलेल्यांना जुनेच निकष लावा. यासाठी ओटावाच्या परवानगीचीही गरज पडू नये.

आणि शेवटची मागणी, मार्च 2024 च्या शब्दाची. कायमस्वरूपी ग्रामीण योजना आखू असं म्हणाला होतात. अटलांटिक प्रांतांचा पायलट 2017 मध्ये सुरू झाला आणि 2022 मध्ये कायम झाला, म्हणजे हे करता येतं. ग्रामीण भागाचा प्रयोग 2019 पासून सुरूच आहे. तो कधी कायम होणार, याची तारीख जाहीर करा.

या पत्राखाली माझं नाव नाही. ज्या देशात मी कर भरते, ज्याच्या म्हाताऱ्या माणसांना रोज उचलते, तिथे एक साधं मागणीपत्र नावानिशी लिहायची मला भीती वाटते, आणि ती का वाटते ते दुसऱ्या तक्रारीत आलेलं आहे. खात्याकडे गेलेल्या इंग्रजी पत्रावर नाव आणि अर्जाचा क्रमांक दोन्ही आहेत. उत्तर त्यावर पाठवावं, ते मी मराठीत सर्वांसाठी प्रसिद्ध करीन.

आपली विश्वासू,
दीर्घकालीन सेवाकेंद्रातली एक पीएसडब्ल्यू
उत्तर ऑन्टारियो (मूळ गाव मिरज)